नऊ जिल्हे आणि एक पास: मॉरिशसचा दौरा आखताना

लग्न ठरलेल्या माझ्या मावसबहिणीनं वणीतल्या एका टूरवाल्याकडून छापील पत्रक आणलं आणि माझ्यासमोर ठेवलं. "ताई, तू मॉरिशसवरच पीएचडी करून राहिली ना? मग सांग, यातलं काय ठेवू अन् काय काढू?" सहा रात्री, सात दिवस. एक दिवस उत्तर भाग, एक दिवस दक्षिण भाग, एक दिवस इल ओ सेर नावाच्या छोट्या बेटावर. शामारेलची सात रंगांची माती, पाम्प्लमूसच्या बागेतली परातीहून मोठी कमळपानं, ग्रां बासांचा गंगा तलाव आणि शेवटी पोर्ट लुईला कोदां बंदरावर खरेदी.

त्याच आठवड्यात मला गाईडकडे माझ्या क्षेत्रकार्याचा आराखडा द्यायचा होता. त्यातही मॉरिशस, त्यातही ठिकाणांची यादी, त्यातही कुठून कुठं जायचं आणि किती दिवस राहायचं. आईनं दोन्ही कागद शेजारी शेजारी पाहिले आणि विचारलं, "मंग तू फिरायले चालली का अभ्यासाले?"

हसण्यावारी नेलं खरं, पण प्रश्न डोक्यात राहिला. तुमच्यापैकी जे पेटची तयारी करताहेत किंवा ज्यांचं सिनॉप्सिस चालू आहे, त्यांना हा प्रश्न आज ना उद्या कुणीतरी विचारणारच: आरआरसीत एखादे सर, नाहीतर घरचंच कुणी. म्हणून ही यादी कशी केली आणि ती करता करता माझा विषयच कसा थोडा बदलला, ते सांगते.

आधी आकार लक्षात घ्या. मॉरिशसचं मुख्य बेट साधारण 65 किलोमीटर लांब आणि 45 किलोमीटर रुंद. देशाचं सगळं क्षेत्रफळ सुमारे 2,040 चौरस किलोमीटर. आपला यवतमाळ जिल्हा 13,582 चौरस किलोमीटरचा. म्हणजे एकट्या यवतमाळात सहा मॉरिशस बसतील आणि वर जागा उरेल. एवढ्याशा बेटाचे नऊ जिल्हे आहेत: पोर्ट लुई, पाम्प्लमूस, रिव्हिएर द्यू राँपार, फ्लाक, ग्रां पोर, सावान, प्लेन विल्हेम्स, मोका आणि ब्लॅक रिव्हर. पत्रकातली दक्षिणेची सहल नाश्त्यानंतर निघून अंधार पडायच्या आत परत येते आणि त्यात तीन-चार जिल्हे सहज ओलांडले जातात. गाडीतल्या माणसाला हद्द कधी ओलांडली हे कळतसुद्धा नाही.

1867 साली ती कळत होती. त्या वर्षी तिथल्या इंग्रज सरकारनं मजुरांबद्दल नवा कायदा केला. पाच वर्षांचा करार संपवून बेटावरच राहिलेल्या हिंदी मजुराला कागदोपत्री 'जुना इमिग्रंट' म्हणत. म्हणजे करारातून मोकळा झालेला माणूस. नव्या कायद्यानं या मोकळ्या माणसाला फोटो लावलेलं तिकीट सतत जवळ बाळगायला लावलं. राहण्याच्या जिल्ह्याची नोंद लावली. आणि त्या जिल्ह्याबाहेर जायचं असेल तर पोलिसांचा पास. पास नसला, तिकीट घरी राहिलं किंवा जिल्ह्याचं नाव जुळलं नाही, तर भटक्या म्हणून अटक. तिकीट हरवलं तर दुसरं काढायला पैसे, आणि ते काढायला जातानाही रस्त्यात पकडलं जाण्याची भीती.

गंमत बघा (गंमत कसली!), बेटावर रेल्वे सुरू झाली 1864 मध्ये. त्यानंतर तीनच वर्षांनी हा कायदा. साखर झटपट बंदरावर पोचावी म्हणून लोखंडी रूळ, आणि ऊस तोडणाऱ्याला शेजारच्या जिल्ह्यातल्या भावाकडे जायला पोलीस चौकीची परवानगी. प्रवासी गाड्या 1956 मध्ये बंद झाल्या. आता पोर्ट लुई ते क्युरपिप जी मेट्रो धावते, ती बऱ्याच ठिकाणी त्याच जुन्या मार्गावरून जाते. बहिणीच्या पत्रकात मेट्रो नाही, मी तिला सुचवली.

तर माझा बदललेला विषय हा. आधी सिनॉप्सिसमध्ये मी 'मॉरिशसमधील मराठी मजुरांचे सामाजिक जीवन' असं भलंमोठं काहीतरी लिहिलं होतं. सरांनी पेन्सिलीनं फक्त 'म्हणजे काय?' एवढं लिहून कागद परत दिला. आता प्रश्न असा आहे: करार संपलेले मराठी मजूर बेटावर कुठून कुठं हलले, आणि हलताना त्यांना कोणी अडवलं?

पार्श्वभूमी थोडक्यात. 1810 मध्ये इंग्रजांनी हे बेट फ्रेंचांकडून घेतलं. 1 फेब्रुवारी 1835 रोजी तिथं गुलामगिरी संपली. त्याच्या आधीच, 2 नोव्हेंबर 1834 रोजी, 'अ‍ॅटलस' जहाजानं 36 मजूर कलकत्त्याहून पोर्ट लुईला आले. फसवणुकीच्या तक्रारी वाढल्यावर 1839 मध्ये ही भरती बंद झाली आणि 1842 मध्ये कलकत्ता, मद्रास आणि मुंबई अशा तीन बंदरांमधून पुन्हा उघडली. एकूण साडेचार लाखांच्या आसपास माणसं गेली. त्यात मुंबईहून गेलेल्यांचा वाटा लहान, आणि तेही बहुतेक 1840 ते 1860 च्या दशकांतले, मुख्यतः कोकणातले, रत्नागिरी भागातले. बेटाच्या पश्चिमेला ब्लॅक रिव्हर आणि मध्यावरच्या प्लेन विल्हेम्समध्ये त्यांची वस्ती दाट झाली. आजही वाकोआ, कास्कावेल या बाजूला मराठी घरं आहेत, आणि गणेश चतुर्थीला सगळ्या देशाला सार्वजनिक सुट्टी असते.

"तू तर कोकणातली नाहीस, मग हा विषय कशाला?" असं सेमिनारमध्ये हमखास विचारतात. मी राजूरची. राजूर म्हटलं की कुणाला अकोले तालुक्यातलं राजूर वाटतं, मराठवाड्यातल्या लोकांना जालन्याजवळचं गणपतीचं. आमचं राजूर वणी तालुक्यातलं, कोळशाच्या खाणीचं आणि चुनाभट्ट्यांचं. आमच्या गल्लीत तेलुगू, छत्तीसगढी आणि वऱ्हाडी एकाच नळावर भांडते. तिथं वाढलेल्या मुलीला 'मजूर कुठून आला' यापेक्षा 'आल्यावर तो कुठं कुठं हलला' हा प्रश्न आधी पडतो. आणखीही एक कारण आहे, ते पुढं येईल.

आता यादी. प्रवासी नकाशावर जवळची ठिकाणं जोडतो. मी कागदांच्या क्रमानं जोडली, म्हणजे मजूर ज्या क्रमानं कागदात शिरला त्या क्रमानं. त्यामुळं पहिला मुक्काम मॉरिशसमध्ये नाहीच, मुंबईत आहे. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्र शासनाचं पुराभिलेखागार आहे, तिथले जनरल डिपार्टमेंटचे खंड. परदेशाचं तिकीट काढायच्या आधी घरचे कागद बघा, हे मी सगळ्यांना सांगते. राजघोषणा, आयोगांचे अहवाल, ब्रिटिश संसदेचे कागद यातलं बरंच आता स्कॅन होऊन फुकट मिळतं. ते इथं बसून वाचता येत असेल तर फेलोशिपचे पैसे त्यासाठी विमानात घालवू नका.

दुसरा मुक्काम पोर्ट लुईचा आप्रवासी घाट. पूर्वी याला कुली घाट म्हणत. 1849 पासून उतरणारा प्रत्येक मजूर इथून आत गेला: बंदरातून वर येणाऱ्या 16 पायऱ्या, मग नोंद, नंबर, साधारण दोन दिवस मुक्काम आणि मग मळ्यावर रवानगी. 2006 मध्ये ते जागतिक वारसा स्थळ झालं. डेपोचा मोठा भाग पुढं महामार्गाखाली गेला, उरलं ते थोडं. बहिणीच्या पत्रकातलं कोदां बंदर इथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि पत्रकात घाटाचं नाव नाही. संशोधनाच्या दृष्टीनं मात्र मला इथं फार दिवस नकोत. जागा पाहायची, अंतरं पावलांनी मोजायची, निघायचं. पहिल्या मसुद्यात मी इथं चार दिवस टाकले होते. सरांनी विचारलं, चार दिवस काय करणार? माझ्याकडे उत्तर नव्हतं. 'तिथं उभं राहून वाटेल' हे उत्तर होत नाही.

खरे दिवस लागतात मोक्याला, महात्मा गांधी संस्थेत. हिंदी मजुरांच्या आगमनाची मूळ रजिस्टरं तिथं ठेवली आहेत. ती पाहायला आधी पत्रव्यवहार करून परवानगी घ्यावी लागते, म्हणून आराखड्यात हे पत्र सगळ्यात वर. एका माणसाच्या नोंदीत असतं काय? नंबर, नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, अंगावरची खूण, जिल्हा, गाव, जहाज, कुठल्या मळ्यावर दिला. एका ओळीत अख्खा माणूस, असं वाटतं. इथंच घसरायला होतं.

माझे आजोबा कोळसाखाणीत होते. कुठल्या, ते इथं महत्त्वाचं नाही. भरतीच्या दिवशी टेबलामागच्या कारकुनानं वय विचारलं, आजोबांना सांगता आलं नाही. कारकुनानं तोंडाकडे पाहून आकडा टाकला. त्या आकड्यानं पुढं आजोबांना चार वर्षं आधी घरी बसवलं. त्यांनी अर्ज केले, शाळेत गेलेच नव्हते म्हणून दाखला नव्हता, आणि रजिस्टर खरं ठरलं. आमच्या घरात 'रजिस्टरमधलं वय' आणि 'खरं वय' अशी दोन वयं अजून बोलली जातात. म्हणून जुन्या रजिस्टरात 20, 25, 30 अशा गोल वयांची गर्दी दिसली की मला त्यात लोकसंख्याशास्त्र दिसायच्या आधी टेबलामागचा कारकून दिसतो. त्या ओळीत मजूर जेवढा आहे तेवढाच तो कारकूनही आहे. त्याच्या कानाला ऐकू आलं ते गाव, त्याला जमलं ते स्पेलिंग. रत्नागिरीची स्पेलिंगं मोजायला बसलात तर वही भरेल. पुढं बेटावर अनेक घरांत पहिल्या माणसाचं साधं नाव, तेही कारकुनानं लिहिलं तसं, आडनाव होऊन बसलं.

हे आपल्याकडेही आहे. आमच्या भागाचे जुने इंग्रजी कागद शोधायचे तर 'यवतमाळ' टाकून हाती फारसं लागत नाही. 1905 पर्यंत जिल्ह्याचं नावच वेगळं होतं, वणीवरून पडलेलं 'वुन'. मला हे कळायला एक अख्खा उन्हाळा लागला.

चौथा मुक्काम कोरोमंडेल भागातलं राष्ट्रीय अभिलेखागार. पोलीस, न्यायालयं, प्रोटेक्टर ऑफ इमिग्रंट्सचा पत्रव्यवहार अशा कागदांसाठी. रजिस्टर माणूस उतरल्याचं सांगतं. तो पुढं हलल्याचं सांगतात ते हे कागद. आणि यांच्यातली मेख अशी की हलणारा माणूस कागदावर येतो तो बहुधा पकडला गेल्यावरच.

यावर मी दोन महिने अडकले होते. अटकेचे आकडे वाढलेले दिसले की आपण लिहितो, 'भटकेगिरी वाढली'. अहो, भटकेगिरी वाढली की पोलिसांचा उत्साह? पास घेऊन गेलेला माणूस एका नोंदीत सापडेल. बिनापास गेला आणि सापडला नाही तो कुठल्याच नोंदीत नाही. आणि अशी माणसं कमी नसावीत, कारण बेट केवढं ते आपण पाहिलंच: रात्री निघून उजाडायच्या आत दुसऱ्या जिल्ह्यात. हे माझं अनुमान आहे, प्रबंधात ते अनुमान म्हणूनच जाईल.

या कायद्याविरुद्ध आवाज उठला तो 1871 मध्ये. आदोल्फ द प्लेव्हिट्झ नावाचा जर्मन वंशाचा माणूस, स्वतः सासऱ्याच्या मळ्यावर व्यवस्थापक. त्यानं 9,401 जुन्या मजुरांचा अर्ज गव्हर्नर आर्थर गॉर्डनकडे दिला. मळेवाले इतके खवळले की प्लेव्हिट्झला पोर्ट लुईच्या रस्त्यावर मारहाण झाली. पुढं शाही आयोग नेमला गेला. फ्रेरे आणि विल्यमसन या दोघांनी बेट फिरून, साक्षी घेऊन 1875 मध्ये जाडजूड अहवाल दिला, आणि 1878 मध्ये मजूर कायदा बदलला. अहवाल वाचताना एक गोष्ट जाणवते: सरकारचे दोन साहेबही बेटावर मुक्काम करत करतच फिरले. त्यांनाही दौरा आखावा लागला असणार. फक्त त्यांना पास लागला नाही.

पाचवा मुक्काम ग्रँड रिव्हर नॉर्थ वेस्ट, पोर्ट लुईला लागूनच, नदीकाठी. पकडलेल्यांना ठेवायचा 'व्हेग्रंट डेपो' इथं होता. पोर्ट लुईहून पश्चिमेला ब्लॅक रिव्हरकडे जाणारा रस्ता याच बाजूनं जातो. म्हणजे मराठी वस्तीच्या जिल्ह्यातून राजधानीला येणारा माणूस आणि हा डेपो, दोघं एकाच वाटेवर. मला त्या वाटेनं चालत जायचंय. सरांनी यापुढं प्रश्नचिन्ह टाकलंय, मी ते अजून खोडलेलं नाही.

वाटेचं निघालं म्हणून सांगते. बेटाच्या जुन्या रस्त्यांवर मजुरांच्याही आधी हिंदी माणसं राबली आहेत: 1815 पासून बंगाल आणि मुंबई इलाख्यातून शिक्षा देऊन पाठवलेले कैदी. चार्ल्स डार्विन 1836 मध्ये बेटावर उतरला तेव्हा त्याला ते दिसले आणि त्यानं तसं लिहून ठेवलं. आणि हलणाऱ्या माणसाचा पाठलाग तर याहूनही जुना. ले मॉर्नचा डोंगर, जो पत्रकात 'समुद्रकिनाऱ्यासह फोटो पॉइंट' म्हणून आलाय, तो मळ्यांवरून पळालेल्या गुलामांचा आसरा होता. 2008 मध्ये त्यालाही जागतिक वारसा यादीत जागा मिळाली. बहिणीला म्हटलं, हा ठेव, वाट्टेल ते काढलंस तरी हा ठेव.

सहावा मुक्काम कास्कावेल आणि वाकोआ. इथं कागद नाहीत, माणसं आहेत, आणि झाकरी आहे. गणपतीत मॉरिशसची मराठी मंडळी झाकरी नाचतात, गातात. कोकणातली जाखडी ज्यांनी पाहिलीय त्यांना नाव ऐकूनच ओळख पटेल. माझा प्रश्न साधा आहे: एका मळ्यावरची चाल दुसऱ्या मळ्यावर गेली कशी? माणसाला पास लागत होता, चालीला नाही. पण चाल तर माणसाच्याच तोंडून जाते. ज्या वाटा पोलिसांच्या वहीत नाहीत त्या कदाचित इथं सापडतील. सर म्हणतात हे मानववंशशास्त्र झालं, इतिहास नाही. असेल. पण वहीत न आलेल्या माणसाचा इतिहास लिहायचा तर वहीच्या बाहेर जावंच लागेल, आणि तिथं गेल्यावर तिथल्या शिस्तीही शिकाव्या लागतील. म्हणून यंदा रत्नागिरीत दोन गावांची जाखडी आधी ऐकणार आहे, नाहीतर तिकडं ऐकलेलं सगळंच मला 'अगदी आपल्यासारखं' वाटत बसेल.

यावरूनच तारखा ठरल्या. जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचे दिवस, ते गेले. ऊसतोडणी जून ते डिसेंबर; त्यात मळ्याकडची माणसं बोलायला मोकळी नसतात, पण मळा कसा चालतो ते तेव्हाच दिसतं. गणपती भाद्रपदात, म्हणजे तोडणीच्या मध्यावर. शेवटी गणपतीच्या तीन आठवडे आधी पोचायचं ठरवलं. आधी मोका आणि कोरोमंडेल, सण शेवटी. अभिलेखागार सणाला बंद असतं, आणि सण अभिलेखागारासाठी थांबत नाही.

आता यादीतून काय गेलं ते. रॉड्रिग्स बेट गेलं, सुमारे 560 किलोमीटर पूर्वेला, माझ्या प्रश्नाशी संबंध नाही, नुसता मोह. गंगा तलाव काढताना जीव तुटला. 1898 मध्ये उत्तरेतल्या त्रिओलेहून झुम्मन गिरी गोसाईंसोबत यात्रेकरू चालत ग्रां बासांला गेले, तिथून महाशिवरात्रीची यात्रा सुरू झाली. माझ्या डोक्यात लगेच सुंदर वाक्य तयार: 1867 मध्ये जिल्हा ओलांडायला पास, 1878 मध्ये कायदा सैल, आणि वीस वर्षांनी माणसं बेटाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे पायी! वाक्य फार छान दिसत होतं. पण कायदा बदलला म्हणून यात्रा निघाली, हे दाखवणारा एकही कागद माझ्याकडे नाही. दोन तारखा फक्त एकीमागून एक येतात. आणि ही यात्रा मराठी मजुरांची नाही. वाक्य वहीच्या मागच्या पानावर आहे, प्रबंधात नाही.

बहिणीचा आराखडाही झाला. इल ओ सेर राहिलं, ते काढायला सांगायची माझी हिंमत नव्हती. खरेदीच्या दिवशी कोदांहून आप्रवासी घाटापर्यंत चालत जाणं घातलं, दीड तास धरून. ग्रां बासां तिच्या यादीत आहे, त्यामुळं तो फोटो मला तिच्याकडूनच मिळणार. टूरवाल्यानं 'घाट' वाचून विचारलं म्हणे, की मॅडम, तिथं गंगेसारखी आरती असते काय.

माझा आराखडा सोमवारी सरांकडे जातोय. सहा मुक्काम, बेचाळीस दिवस, मोक्याच्या पत्राची प्रत जोडलेली. ग्रँड रिव्हरपुढचं प्रश्नचिन्ह तसंच ठेवलंय. त्याच्यासाठी मी एक पान वेगळं लिहिलंय, ते मागितलं तर काढायचं.